काखेतली तार

स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत बहुतेक वेळा काखेतल्या लसीका ग्रंथीही काढाव्या लागतात. जखम भरत आली, टाके निघाले, रुग्ण घरी गेली, की त्यानंतरच्या काही आठवड्यांत काही जणींच्या काखेत एक वेगळंच दुखणं उभं राहतं. हात खाली असताना काहीच दिसत नाही. हात बाजूने वर नेला, कोपर सरळ केलं आणि मनगट मागे वळवलं, की कातडीखाली एक ताठ तार ताणलेली दिसते. कधी ती एकच असते, कधी दोन-तीन शेजारीशेजारी. काखेतून निघून ती दंडाच्या आतल्या बाजूने कोपराच्या खळग्यापर्यंत जाते, काहींच्या बाबतीत थेट अंगठ्याच्या मुळाशी पोहोचते. बोटाने चाचपली तर स्पष्ट हाताला लागते. हात खांद्याच्या रेषेपर्यंत आला की पुढे सरकत नाही, आणि जोर केला तर दंडाच्या आत कळ जाते. वैद्यकात या अवस्थेला ॲक्सिलरी वेब सिंड्रोम म्हणतात. फिजिओथेरपीच्या खोलीत नुसतं ‘कॉर्ड’ किंवा ‘कॉर्डिंग’.

हे नाव वैद्यकीय नियतकालिकांत आलं ते २००१ साली. ज्या शस्त्रक्रियेनंतर ही तार येते ती मात्र त्याच्या आधी शंभराहून अधिक वर्षं होत होती. मुंबईत या रोगावरचं मोठं रुग्णालय १९४१ पासून परळला आहे, आणि हाता-पायांच्या पुनर्वसनाचं शिक्षण त्याच परळमध्ये १९५० पासून सुरू झालं. दोन्ही गोष्टी एकाच आवारात म्हणाव्यात इतक्या जवळ असूनही त्यांची गाठ उशिरा पडली. ती कशी पडली याचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी डिलाईल रोडच्या आसपासच्या तीन-चार चौरस किलोमीटरांचा इतिहास आहे.

डिलाईल रोड कागदोपत्री ना. म. जोशी मार्ग आहे. ‘सोशल सर्व्हिस लीग’ १९११ मध्ये काढणारे आणि १९२० मध्ये आयटक या कामगार संघटनेच्या स्थापनेत पुढे असणारे नारायण मल्हार जोशी यांचं नाव रस्त्याला दिलं गेलं, पण रहिवाशांच्या तोंडी जुनंच नाव राहिलं. सात रस्त्याच्या चौकातून, म्हणजे आजच्या संत गाडगे महाराज चौकातून, निघून हा रस्ता उत्तरेला लोअर परळ स्टेशनाकडे जातो. त्याच्या दुतर्फा गिरण्या होत्या: अपोलो, सीताराम, मथुरादास. मध्ये बीडीडी चाळी. दक्षिण टोकाशी कस्तुरबा रुग्णालय, ज्याची सुरुवात १८९२ मध्ये साथीच्या रोगांसाठी आर्थर रोड हॉस्पिटल म्हणून झाली. करी रोडचा पूल ओलांडून भारतमाता सिनेमावरून पुढे गेलं की परळची रुग्णालयं लागतात: १९२६ चं केईएम, वाडियांचं प्रसूतिगृह आणि मुलांचं रुग्णालय, आणि टाटा. पश्चिमेला महालक्ष्मी ओलांडली की हाजी अली. गिरणगावातल्या माणसाला या सगळ्या ठिकाणी चालत जाता येत असे, आणि बहुतेक जण चालतच जात.

टाटा मेमोरियल रुग्णालयाचं उद्घाटन २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर रॉजर लमली यांच्या हस्ते झालं. मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, पुढच्या वर्षी सर दोराबजीही गेले. त्यांच्या मागे राहिलेल्या ट्रस्टने हे रुग्णालय उभारलं. सुरुवातीला खाटा होत्या ८०. पुढे १९५७ मध्ये ते केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेलं. इथल्या शल्यविशारदांच्या पहिल्या पिढीतलं परळकरांच्या लक्षात राहिलेलं नाव डॉ. अर्नेस्ट बोर्जिस. मूळचे गोव्याच्या कुटुंबातले बोर्जिस १९६९ मध्ये वारले. रुग्णालयाशेजारच्या रस्त्याला आज त्यांचं नाव आहे.

त्या काळात स्तनाच्या कर्करोगावर जगभर एकच शस्त्रक्रिया प्रमाण मानली जाई. अमेरिकेतल्या विल्यम हॉल्स्टेड यांनी ती १८८२ च्या सुमारास करायला घेतली आणि १८९४ मध्ये तिच्यावर गाजलेला लेख लिहिला. स्तन, त्याखालचे छातीचे दोन्ही स्नायू आणि काखेतला सगळा मेद व ग्रंथी एकसंध काढायच्या, असा तिचा नियम. छातीचे स्नायूच गेल्यावर हात पुढे ओढणं आणि वर नेणं अवघड होणार हे उघडच होतं. त्यात बरगड्यांवर ताणून बसवलेली कातडी आणि वरून क्ष-किरणांचे उपचार. खांदा आखडला तर त्याचं कारण शोधायला कुणी थांबत नसे, कारणं समोरच पडलेली असत. त्या दाटीत काखेतली एखादी बारीक तार वेगळी ओळखू येणं कठीणच होतं.

हाताला येणारी सूज मात्र लवकर ओळखली गेली. हॉल्स्टेड यांनी १९२१ मध्ये शस्त्रक्रियेनंतरच्या हत्तीपायासारख्या सुजेवर स्वतंत्र निबंध लिहिला. सुजेला नाव मिळालं आणि तारेला मिळालं यांत ऐंशी वर्षांचं अंतर पडलं. सूज राहते, वाढते, वर्षानुवर्षं रुग्णाला पुन्हा शल्यविशारदाकडे आणते. तार शस्त्रक्रियेनंतर एक ते आठ आठवड्यांत येते आणि बऱ्याचदा तीनेक महिन्यांत आपोआप विरते. ती येते तेव्हा रुग्ण वॉर्डातून घरी गेलेली असते. तपासणीला परत येते तेव्हा तार गेलेली असते, आणि उरलेला ताठ खांदा ‘व्यायाम केले नाहीत’ या सदरात जमा होतो. हा दोष बाईच्या माथी मारणं सोपं होतं, आणि तो मारला गेला. वैद्यकाच्या इतिहासात अशा नोंद न झालेल्या तक्रारी पुष्कळ सापडतील, पण हिच्याइतकी डोळ्यांना दिसणारी आणि बोटाला लागणारी तक्रार इतका काळ बेदखल राहावी हे नवल आहे.

हाताकडे पाहण्याची विद्या परळमध्ये कर्करोगाच्या वाटेने आली नाही. ती आली पोलिओच्या आणि अपघाताच्या वाटेने, आणि तिला आणण्यात दोन बायकांचा वाटा मोठा होता.

पहिल्या फातेमा इस्माईल. त्यांच्या मुलीला पोलिओ झाला. मुंबईत अशा मुलांसाठी काहीच सोय नाही हे पाहून त्यांनी १९४७ मध्ये पोलिओ झालेल्या मुलांचं क्लिनिक सुरू केलं. त्याच सुमाराच्या खटपटीतून अपंग मुलांच्या पुनर्वसनासाठी संस्था निघाली आणि हाजी अलीला मुलांचं अस्थिरुग्णालय उभं राहिलं. लुळ्या पडलेल्या स्नायूंना रोज ठरावीक हालचाल देणं, सांधे आखडू न देणं, पट्टे आणि कुबड्या यांचा मेळ घालणं, ही कामं करणारी शिकलेली माणसं देशात जवळजवळ नव्हतीच. म्हणून १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला भारत सरकार, मुंबई महापालिका आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या सहकार्याने केईएमला जोडून फिजिओथेरपीची देशातली पहिली शाळा सुरू झाली.

दुसऱ्या कमला निंबकर. त्या जन्माने अमेरिकन, माहेरच्या एलिझाबेथ लंडी. अमेरिकेत शिकायला गेलेल्या विष्णू निंबकरांशी लग्न करून त्या भारतात आल्या आणि इथल्याच झाल्या. १९४० च्या दशकात पुन्हा अमेरिकेत जाऊन त्यांनी ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण घेतलं आणि १९५० मध्ये केईएममध्ये या विषयाची भारतातली पहिली शाळा काढली. दोन वर्षांत या व्यवसायातल्या लोकांची अखिल भारतीय संघटनाही उभी राहिली. पुढे त्यांनी आशियातल्या पुनर्वसनाला वाहिलेलं एक नियतकालिक चालवलं. (फलटणचे कृषिसंशोधक बनबिहारी निंबकर हे त्यांचे चिरंजीव आणि लेखिका जाई निंबकर या त्यांच्या सूनबाई, मराठी वाचकांना हे घराणं त्या दोघांमुळे अधिक माहीत असतं, सासूबाईंचं काम मात्र त्या क्षेत्राबाहेर फारसं कुणाला ठाऊक नाही.)

ऑक्युपेशनल थेरपीचा मूळ विचार असा, की सांधा किती अंशांत वळतो हे मोजून थांबायचं नाही. त्या सांध्याने माणूस रोज कोणती कामं करतो ते पाहायचं आणि ती कामंच उपचार म्हणून वापरायची. त्या काळात जगभर या विभागांत हातमाग, सुतारकाम, छपाईची छोटी यंत्रं ठेवलेली असत. मागावर धोटा टाकताना आणि फणी ओढताना खांदा, कोपर, मनगट सगळंच चालतं. हजारो यंत्रमागांच्या खडखडाटात जगणाऱ्या वस्तीच्या शेजारी मागाला औषध मानणारी शाखा रुजावी, हा योगायोग गमतीचा खरा.

तिसरी संस्था हाजी अलीची. १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने सुरू झालेलं, आज केशवराव खाड्ये मार्गावर असलेलं अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थान. यंत्रात हात गेलेला कामगार, रेल्वेखाली पाय गेलेला प्रवासी, पोलिओचं मूल, अर्धांगवायूचा म्हातारा, हे त्याचे रुग्ण. कृत्रिम अवयवांची कार्यशाळा हा त्याचा कणा होता. या सगळ्या यादीत स्तन काढलेली बाई कुठे बसते, हा प्रश्न विचारण्याइतकी ती मोजली जात नव्हती. तिचा हात शाबूत होता, लुळा पडलेला नव्हता, आणि तिचा आजार वेगळ्या इमारतीत होता.

मुंबईतल्या बायकांमध्ये हा कर्करोग किती आहे हे कळायलाही वेळ लागला. डॉ. डी. जे. जस्सावाला आणि नवल टाटा यांनी १९५१ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापन केली. सोसायटीने १९६० च्या दशकात मुंबईत कर्करोगाची लोकसंख्येवर आधारित नोंदणी सुरू केली. देशातली ती पहिली. पारशी बायकांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असल्याचं त्या काळच्या मुंबईच्या अभ्यासांतून पुढे आलं. बाकीच्या बायकांमध्ये तेव्हा गर्भाशयमुखाचा कर्करोग वरचढ होता. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चित्र पालटलं आणि मुंबईत स्तनाचा कर्करोग पहिल्या क्रमांकावर आला.

खांदा किती वर जायला हवा, याचं उत्तर पाठ्यपुस्तकात १८० अंश असं असतं. डिलाईल रोडच्या चाळीत ते वस्तूंच्या उंचीवरून ठरे. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात बांधलेल्या चाळींपैकी ३२ या रस्त्यावर होत्या. तळमजला अधिक तीन मजले, प्रत्येक चाळीत ८० खोल्या, प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. एवढ्या जागेत संसार जमिनीवर मावत नाही, तो भिंतीवर चढतो. डबे फळीवर, अंथरुणं-पांघरुणं आणि ट्रंका माळ्यावर, कपडे छतालगतच्या दांडीवर काठीने टाकायचे. पाणी ठरावीक वेळी येणार, ते भरून पिंपात साठवायचं, म्हणजे कळशी कमरेवरून उचलून पिंपाच्या काठापर्यंत न्यायची. नव्वद अंशांवर अडणाऱ्या हाताने यातलं जवळजवळ काहीच धड होत नाही. केसांचा अंबाडा घालता येत नाही, ब्लाऊजच्या बाहीत हात घालताना दुसऱ्याची मदत लागते. लोकलमध्ये वरची कडी धरणं दूरच.

गिरणीत बायका मुख्यतः वाइंडिंग आणि रीळ भरायच्या खात्यात असत, त्यांच्यावर नायकिणीची देखरेख. १९२० च्या दशकात गिरणी कामगारांत बायका साधारण पाचव्या हिश्शाच्या आसपास होत्या; नंतर रात्रपाळीचे नियम, नवी यंत्रं आणि कपात यांनी त्यांची संख्या घटत गेली. गिरणीबाहेर खानावळी चालवणाऱ्या बायका पुष्कळ होत्या. मुलुख सोडून आलेल्या एकट्या कामगारांना त्या दोन वेळचं जेवण घालत. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये या बायकांची अन्नपूर्णा महिला मंडळ ही संघटना बांधली, तेव्हा सावकाराच्या पाशातून सुटका हा तिचा पहिला कार्यक्रम होता. दिवसाला पन्नास-साठ भाकऱ्या थापणाऱ्या आणि मोठी पातेली चुलीवरून उतरवणाऱ्या बाईच्या दृष्टीने उजवा खांदा हे भांडवल होतं. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर नवऱ्याचा पगार थांबला आणि अनेक घरं बायकांच्या हातांवर चालली. या काळात शस्त्रक्रियेनंतर हाताचं काय झालं, हे विचारण्याची पद्धत रुग्णालयांत असती तर गिरणगावाचा बराच इतिहास तिथल्या केसपेपरांत मिळाला असता.

दरम्यान शस्त्रक्रिया लहान होत चालली होती. लंडनच्या डेव्हिड पेटी यांनी १९४८ मध्ये छातीचा मोठा स्नायू राखून ठेवणाऱ्या पद्धतीचे निष्कर्ष मांडले. पुढे अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उंबेर्तो वेरोनेसी यांच्या चाचण्यांनी दाखवून दिलं की लवकर सापडलेल्या रोगात गाठ आणि भोवतालचा भाग काढून वर किरणोपचार दिले, तर पूर्ण स्तन काढण्याइतकंच आयुष्य मिळतं. टाटा रुग्णालयात स्तन राखणाऱ्या उपचारांची सुरुवात १९८० च्या सुमारास झाली. डॉ. केतायून दिनशॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० ते २००० या काळातल्या अशा १,०२२ रुग्णांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध केला. दिनशॉ किरणोपचार तज्ज्ञ होत्या आणि १९९५ पासून रुग्णालयाच्या संचालकही.

हाताच्या दृष्टीने हा बदल कळीचा ठरला, आणि त्याचं कारण अगदी साधं आहे. किरणोपचाराच्या टेबलावर रुग्ण उताणी झोपते आणि आजारी बाजूचा हात डोक्यावर नेऊन आधाराच्या फळीवर टेकवते. काख मोकळी झाल्याशिवाय छातीवर किरणांचा कोन नीट बसत नाही. रोज, तीच स्थिती, आठवडेच्या आठवडे. हात वर जात नसेल तर नियोजनच अडतं आणि किरणोपचार लांबतात. जो खांदा तोवर घरची अडचण होता तो आता कर्करोगाच्या उपचाराची अडचण झाला. फिजिओथेरपिस्टकडे जाणारी चिठ्ठी किती लवकर लिहिली जाते, यावर अशा व्यावहारिक अडचणीचा परिणाम करुणेपेक्षा अधिक होतो. शिवाय स्नायू शाबूत, कातडी सैल आणि जखम लहान असतानाही काही हात अडतातच, हे आता स्पष्ट दिसू लागलं. मोठ्या कारणांची गर्दी हटली तेव्हा काखेतली तार नजरेत आली.

२००१ मध्ये मॉस्कोविट्झ आणि सहकाऱ्यांनी ‘अमेरिकन जर्नल ऑफ सर्जरी’त ७५० रुग्णांचा आढावा दिला. त्यांपैकी ४४ जणींना, म्हणजे ६ टक्क्यांना, तार आली होती. त्यांतल्या जवळजवळ तीन-चतुर्थांश जणींचा हात बाजूने नव्वद अंशांच्या वर जात नव्हता. काही तारांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा गोठून बंद झालेल्या लसीकावाहिन्या आणि वरवरच्या शिरा सापडल्या. काखेतल्या ग्रंथी काढल्या की हाताकडून वर येणाऱ्या लसीकेची वाट तुटते, वाहिनीत द्रव साचून गोठतो, भिंत जाड आणि आखूड होते, अशी त्यामागची मांडणी आहे. छातीवरच्या शिरेची अशीच दोरी फ्रान्सच्या हेन्री मोंदोर यांनी १९३९ मध्ये वर्णिली होती. ती या तारेची जवळची नातलग मानली जाते. लसीकावाहिन्यांना दोष देणारं वर्णन फ्रेंच वैद्यकात २००१ च्या आधीही आलं होतं, पण रुळलं ते अमेरिकी नाव.

नंतरच्या अभ्यासांनी ६ टक्क्यांचा आकडा फारच कमी ठरवला. फिनलंडमधल्या २००३ च्या एका अभ्यासात काख पूर्ण साफ केलेल्या ७२ टक्के आणि फक्त पहारेकरी ग्रंथी (गाठीची लसीका जिथे आधी पोहोचते ती) काढलेल्या २० टक्के रुग्णांत तार सापडली. आकड्यांतली ही तफावत मुख्यतः पाहण्याच्या पद्धतीची आहे. जुन्या केसपेपरात शोधलं तर थोड्याच सापडतात. प्रत्येकीचा हात उचलून, कोपर सरळ करून, बोटाने चाचपून पाहिलं तर पुष्कळ. बारीक अंगाच्या बायकांत ती अधिक दिसते, कारण कातडीखाली मेद कमी असतो. तीन महिन्यांत सगळ्या तारा जातात, हा पहिला निष्कर्षही सैल करावा लागला. काहींच्या दीडेक वर्षानंतरही टिकलेल्या आढळल्या.

उपचारात गूढ असं काही नाही. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या दिवसापासून बोटं, मनगट, कोपर हलवायचं. जखमेतली नळी असेपर्यंत खांदा साधारण नव्वद अंशांच्या आत ठेवायचा, म्हणजे द्रव साचणं वाढत नाही. नळी निघाली की हात वर न्यायला सुरुवात. भिंतीकडे तोंड करून किंवा बाजूने उभं राहायचं आणि बोटं एकेक पाऊल टाकत वर चालवायची. कुठवर पोहोचली तिथे खूण करायची, उद्या तिच्या वर. उताणं झोपून दोन्ही हातांत काठी धरून डोक्यामागे न्यायची. दारावर टांगलेल्या कप्पीच्या दोरीने चांगल्या हाताने आखडलेला हात ओढायचा. न्यूयॉर्कच्या टेरेस लॅसर यांनी १९५२ मध्ये स्वतःच्या शस्त्रक्रियेनंतर इतर बायकांना भेटून हेच शिकवायला सुरुवात केली होती; त्या सोबत एक दोरी आणि एक रबरी चेंडू नेत. ‘रीच टू रिकव्हरी’ या नावाने त्यांचं काम पुढे अनेक देशांत गेलं.

तार असली की यात एक भर पडते. थेरपिस्ट रुग्णाला उताणं झोपवून हात दुखणार नाही इतका बाजूला नेतो, मग एका हाताने काखेजवळ आणि दुसऱ्याने दंडावर कातडी हलकेच विरुद्ध दिशांना ताणून धरतो. तार बोटांखाली सरकते, थोडी सैल होते, हात काही अंश पुढे जातो, पुन्हा तेच. मग कोपर सरळ आणि मनगट मागे वळवून ताण खालपर्यंत नेला जातो. क्वचित या ताणात तार ‘टक्’ आवाज करून तुटते आणि हात त्याच क्षणी वर जातो. रुग्ण घाबरते, पण यातून इजा झाल्याचं दिसत नाही. तार मुद्दाम तोडावी का, यावर मात्र थेरपिस्टांत एकमत नाही, आणि सावध थेरपिस्ट तोडण्यामागे लागत नाहीत. घरच्या लोकांनी तेल लावून ती जोरात चोळणं, गरम पिशवीने शेकणं हे टाळायला सांगतात, कारण ज्या हाताची लसीकेची वाट आधीच तुटली आहे तिथे सूज येण्याचा धोका असतो. त्याच कारणाने त्या हातात घट्ट बांगड्या भरू नयेत असंही सांगितलं जातं. वेदना फार असेल तर वेदनाशामक गोळी देऊन व्यायाम चालू ठेवतात. हात गळ्यात बांधून स्वस्थ ठेवणं हा सर्वांत वाईट मार्ग.

हाताला होणारा त्रास मुळातच कमी करायचा तर काखेतून कमी काढावं लागतं. पश्चिमेत १९९० च्या दशकात पहारेकरी ग्रंथीची तपासणी आली: निळा रंग किंवा किरणोत्सर्गी द्रव टोचून गाठीची लसीका ज्या ग्रंथीत आधी पोहोचते तीच शोधून तपासायची, आणि ती स्वच्छ असेल तर बाकी काखेला हात लावायचा नाही. यासाठी लागणारी साधनं सगळीकडे परवडत नाहीत. टाटा रुग्णालयातल्या डॉ. वाणी परमार, डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी त्यावर सोपा पर्याय तपासून २०१३ मध्ये मांडला. काखेतून दंडाच्या आतल्या बाजूला जाणारी एक चेताशीर असते. तिच्या खालचा मेद आणि त्यातल्या ग्रंथी तेवढ्या काढायच्या, वरच्या राखायच्या. शल्यविशारदाला ती शीर डोळ्यांनी दिसते, यंत्र लागत नाही. हीच शीर पूर्वीच्या शस्त्रक्रियांत सर्रास कापली जाई आणि बायकांना दंडाच्या आत कायमचा बधिरपणा येई.

रोग लवकर सापडला तर काख स्वच्छ असण्याची शक्यता वाढते. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाने १९९८ मध्ये सुरू केलेल्या चाचणीत सुमारे दीड लाख बायका होत्या. प्रशिक्षित आरोग्य सेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी करत. २०२१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या निष्कर्षांत तपासणी झालेल्या बायकांचा रोग तुलनेने लवकरच्या टप्प्यात सापडल्याचं, आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटल्याचं दिसलं.

पुनर्वसनाचा व्यवसायही याच काळात स्थिरावला. केईएमच्या शाळांतून पदवीधर थेरपिस्टांच्या पिढ्या बाहेर पडल्या, १९९८ नंतर राज्यातलं हे शिक्षण नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली आलं, आणि २००२ मध्ये फिजिओथेरपी व ऑक्युपेशनल थेरपीसाठी राज्याचा स्वतंत्र परिषद कायदा झाला. टाटा रुग्णालयात या दोन्हींचा स्वतःचा विभाग आहे. बाहेरच्या बाजूने स्वयंसेवी संस्थांनी हात दिला. १९६९ मध्ये स्थापन झालेली कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन महालक्ष्मीला डॉ. ई. मोझेस मार्गावर आहे; तिच्या पुनर्वसन केंद्रात रुग्ण आणि नातेवाईक वस्तू बनवून कमाई करतात. १९९४ पासूनच्या व्ही केअर फाउंडेशनमध्ये आजारातून उठलेली माणसं नव्या रुग्णांना भेटतात. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समितीची इमारत यांत बाहेरगावचे रुग्ण उपचार चालू असेतो राहतात.

आज टाटा रुग्णालयात येणाऱ्या बायकांत परळ-लालबागच्या थोड्या; बहुतेक विदर्भ, खानदेश, उत्तर प्रदेश, बिहार, बंगालहून आलेल्या असतात. अपोलोच्या जागी टॉवर आहे, मथुरादास मिलच्या आवारात कार्यालयं आणि खानपानगृहं, बीडीडी चाळींचा पुनर्विकास चालू. रुग्ण दूरची असल्यामुळे तारेची वेळ आणखी अडचणीची ठरते: ती यायची तेव्हा बाई कधी धर्मशाळेत असते, कधी गावी परतलेली, आणि गावात फिजिओथेरपिस्ट असतोच असं नाही. म्हणून घरी सोडण्याआधीच व्यायाम शिकवणं, सोबतच्या नातेवाइकाला काखेत तार कशी पाहायची ते दाखवून ठेवणं, आणि ती दिसली तर हात थांबवायचा नाही हे बजावणं, एवढं तरी पदरात घालून पाठवावं लागतं. भिंतीवर बोटं चालवायला भिंत सगळीकडे असते, आणि काठी, दोरी, कप्पीही गावात मिळते.